हळू रोल, हळे रोल

आमच्या मैसूरच्या घरमालकांना कुणी फोटोग्राफर म्हटलं की ते चिडायचे. "फोटोग्राफर लग्नात असतात," म्हणायचे. "मी कागद उतरवणारा माणूस." तीस वर्षं त्यांनी एका सरकारी कचेरीत जुन्या कागदांचे फोटो काढले होते. नकाशे, उतारे, वाळवीने चाळण केलेली दप्तरं. कागद हलत नाही, पोट आत ओढत नाही आणि फोटो कसा आलाय म्हणून विचारतही नाही. निवृत्तीनंतर माणसांचे फोटो काढायची वेळ आली, तेव्हा माणसं जरा जास्तच हलतात असं त्यांचं मत झालं होतं.

कुवेंपुनगरात त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी आणि माझा नवरा आठ वर्षं भाड्याने राहिलो. खाली ते आणि काकू. दूधवाला त्यांना 'रायरे', म्हणजे रावसाहेब, म्हणायचा, मी काका म्हणायची. मैसुरात मराठी माणसाचं घर मिळालं म्हणून मी सांगलीला आईला आनंदाने फोन केला होता. मराठी होतीच, पण चार पिढ्या मैसूरच्या पाण्यात मुरलेली. बोलता बोलता वाक्य कुठे कानडीत शिरेल आणि कुठून बाहेर येईल याचा नेम नसायचा. 'सुम्ने' म्हणजे उगीच, 'स्वल्प' म्हणजे जरासं, 'साकु' म्हणजे पुरे, एवढं मी पहिल्या महिन्यात शिकले. लिहायचेही मराठीच, पण कानडी अक्षरांत. काकू वाणसामानाची यादी द्यायच्या, ती दुकानदाराच्या हातात ठेवून मी अडाण्यासारखी गप्प उभी राहायची.

बाबा गेले आणि सांगलीच्या कपाटातून मी त्यांचा कॅमेरा घेऊन आले. रोलचा. लहानपणी त्यावर मी पुष्कळ रोल वाया घालवले होते. पुढे फोन आला आणि सगळंच सोपं झालं. इतकं सोपं, की बाबा गेले तेव्हा माझ्या फोनमध्ये त्यांचे शेकड्यांनी फोटो होते आणि त्यातला एकही मला उघडून बघवत नव्हता. म्हणून पुन्हा रोल. कारण एवढंच होतं, पण ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. जिन्यात काकांनी कॅमेऱ्याची चामड्याची पिशवी पाहिली आणि सरळ माझ्या हातातून काढून घेतली. कॅमेरा कानाला लावून त्यांनी शटरचा एकेक वेग दाबून ऐकला.

"सेकंदाचा तिसावा आळशी झालाय," म्हणाले. "बाकी बरं आहे. कुणाचा हा?"

"बाबांचा."

"ते कुठं असतात?"

"गेले. वर्ष होईल आता."

ते आत गेले, फ्रिज उघडला आणि अंड्यांच्या कप्प्यातून एक रोल काढून माझ्या तळहातावर ठेवला. घर कडक शाकाहारी. फ्रिजबरोबर आलेला तो कप्पा काकूंच्या काही उपयोगाचा नव्हता, म्हणून तो काकांच्या वाट्याला गेला होता. त्यात रोल आणि कोपऱ्यात काकूंची लिंबं. "आमच्याकडे अंडी म्हणजे हीच बघ," असं काकू म्हणायच्या.

तो पहिला रोल त्यांनी काही न विचारता दिला ही केवढी मेहेरबानी होती ते मला नंतर कळलं. एरवी रोल मागायला गेलं की एखाद्या स्थळाची चौकशी करावी तशी चौकशी व्हायची. "कुणाचा फोटो? एका जागी बसतो काय? राग आला की बोलतो, की गप्प बसतो?" बोलणाऱ्याला चारशेची फिल्म, गप्प बसणाऱ्याला पन्नासची. चारशेची म्हणजे कमी उजेडातही चटकन काम करणारी, पण अंगाने खरखरीत. पन्नासची संथ. तिला ऊन जास्त लागतं, वेळ जास्त लागतो, पण ती पापणीचा केसन् केस दाखवते. रंगीत फिल्म त्यांच्याकडे नव्हतीच. "रंगीत फिल्मला साडी कळते, माणूस कळत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझ्या ऑफिसातल्या दोन मुली हल्लीची हौस म्हणून रोल वापरायला लागल्या होत्या. दसऱ्याच्या रोषणाईला कुठली फिल्म घ्यावी, असं त्यांनी माझ्यामार्फत विचारलं. काकांनी निरोप पाठवला, "फोन घ्या म्हणावं."

आपला रोल आपण निवडायचा, हे त्यांच्या राज्यात बसतच नव्हतं. मी एकदा आगाऊपणा करून ऑनलाइन एक रोल मागवला, तर आठवडाभर त्यांनी माझ्याशी फक्त पाऊसपाण्याच्या गोष्टी केल्या.

एकदा त्यांच्याबरोबर बैलकुप्प्याला, तिबेटी लोकांच्या वसाहतीत गेले होते. बसने, सकाळी, दोघांत तीन रोल घेऊन. मला वाटलं आज माणूस मनसोक्त फोटो काढणार. ते मठाच्या पायरीवर बसले, काकूंनी बांधून दिलेला चित्रान्न-भात खाल्ला आणि दोन तास येणारे-जाणारे भिक्षू बघत राहिले. शेवटी एक म्हातारा भिक्षू आपणहून जवळ आला आणि माझा फोटो काढा म्हणाला. काकांनी त्यालाही विचारलं, कानडीत, "राग आला की बोलता, की गप्प बसता?" भिक्षू खूप हसला. म्हणाला, "आधी बोलायचो. आता कुठला राग आला होता तेच विसरतो." अशा माणसाला कुठली फिल्म लागते हे काकांच्या शास्त्रात नव्हतं. कॅमेऱ्यात होती तिच्यावर त्यांनी त्याचा एक फोटो काढला आणि संध्याकाळी घरी येऊन छत्तीस फोटोंचा तो रोल एका फोटोसाठी धुतला. मी हळहळले तर म्हणाले, "बाकीचे पस्तीस नव्हतेच की तिथं."

रोल धुवायचं काम न्हाणीघरात चालायचं. दाराच्या फटीला जुनी लुंगी, आत अंधार. वेळ मोजायला त्यांना घड्याळ लागायचं नाही. औषधाचा डबा हलवत ते कानडीत पाढे म्हणायचे आणि बाराचा पाढा संपला की औषध ओतून टाकायचे. सर्दी असली की पाढे रेंगाळायचे आणि निगेटिव्ह काळ्या निघायच्या. मग बाहेर येऊन सांगायचे, "ह्या रोलला पडसं झालंय." कॅमेऱ्यात रोल गुंडाळताना ते त्याची जीभ, म्हणजे फिल्मचं पुढचं टोक, मुद्दाम बाहेर ठेवायचे. त्यामुळे त्यांचा वापरलेला रोल आणि कोरा रोल दिसायला सारखाच. पण त्याने कधी घोटाळा झाला नाही, कारण वापरलेला रोल त्या घरात मुक्कामाला राहायचाच नाही. काढला की दिवेलागणीच्या आत धुऊन दोरीवर.

आता भाषेच्या घोटाळ्याचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

आई सांगलीहून आली होती. आई राग आला की गप्प बसणारी. त्यामुळे तिला संथ फिल्म, असा निकाल काकांनी दिला होता. मी खाली गेले तेव्हा ते अंघोळीला बसले होते. "काका, आईचा रोल कुठे आहे?" मी दाराबाहेरून ओरडले. आतून उत्तर आलं, त्यातलं "डब्यात हळे आहेत बघ" एवढं मला ऐकू आलं. कपाटावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. मला वाटलं, हळे म्हणजे हळू. हळू म्हणजे संथ. ह्यांच्या मराठीत 'ऊ'चा 'ए' होत असेल. मी त्यातला रोल घेतला आणि सबंध आईवर संपवला. हळे म्हणजे कानडीत जुने. बंद पडलेल्या स्टुडिओंमधून गोळा केलेले, मुदत उलटून गेलेले रोल त्या डब्यात होते, आणि "ते घेऊ नको" हे पुढचं वाक्य नळाच्या आवाजात वाहून गेलं होतं. फोटोत आई तांदळाच्या धुवणातून बघावं तशी दिसली.

काका आठ दिवस हसत होते. दूधवाल्याला सांगितलं, पोस्टमनला सांगितलं. आईला मात्र तो फोटो अतिशय आवडला, कारण तिच्या सगळ्या सुरकुत्या गेल्या होत्या. तिने तो मोठा करून मागितला. त्यानंतर काकांनी मला समोर उभं करून फर्मान काढलं. "तुझ्यासाठी म्हणून आता मी स्लो म्हणणार नाही. हळू म्हणतो. हळू म्हणजे हळू. हळे म्हणजे जुने. कळलं काय?" आणि खरोखरच त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलताना 'हळू रोल' म्हणायला लागले. दुसऱ्या कुणाशी नाही. आमच्या दोघांचा तो शब्द झाला. मीही मग कानडी मनावर घेतली. बसच्या पाट्यांवरून अक्षरं शिकले, दोन वर्षांत वाणसामानाची यादी वाचायला लागले.

काकूंना फोटोचं वावडं होतं. कॅमेरा दिसला की पदर तोंडावर जायचा. चाळीस वर्षांच्या संसारात काकांना तिचा एक धड फोटो मिळाला नव्हता. लग्नातल्या फोटोतही तिची मान इतकी खाली आहे की नुसता भांग दिसतो. काका तिचं नाव कधी घ्यायचे नाहीत. आमच्याशी बोलताना 'आमच्या घरची', तिच्याशी बोलताना 'अगं'. तीही त्यांना 'अहो'च्या पुढे काही म्हणायची नाही. दोघांचं बोलणं बहुतेक कॉफी, नळाचं पाणी आणि बेंगळूरुच्या मुलीचा फोन एवढ्यावर चालायचं, आणि त्यांना तेवढं पुरायचं.

काकूंचा आजार कळला तेव्हा फार उशीर झालेला होता. एक दिवस सकाळी त्या स्वतःच म्हणाल्या, "काढा की आज." मी वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते. मागच्या अंगणात धुण्याच्या दगडावर त्या बसल्या होत्या. केस विंचरलेले, त्यात मल्लिगेचा गजरा, मनगटात सैल झालेल्या बांगड्या. एका फोटोत भागत असेल तिथे दुसरा न काढणाऱ्या माणसाने त्या सकाळी पन्नासच्या फिल्मवर अख्खा रोल काढला. त्यांनी तिला काही विचारलं नाही. शेवटी काकूच म्हणाल्या, "साकु की आता, ऊन लागतंय." मी गॅलरीतून आत निघून आले, कारण मला तिथे उभं राहणं बरं वाटेना. तीन आठवड्यांनी काकू गेल्या.

तो रोल काकांनी धुतला नाही.

आधी मला वाटलं दिवसकार्य होऊन जाऊ दे, मग धुतील. मग वर्षश्राद्ध झालं. मी हट्टाला पेटले, कारण बाबांचे फोटो न उघडता ठेवून मी काय घालवलं होतं ते मला माहीत होतं. "काका, रोल खराब होतो असा ठेवून. तुम्हीच सांगता ना?"

"होतो की."

"मग?"

"धुतला की ती छत्तीसच राहील," ते म्हणाले. "आता आत किती आहे कोण सांगेल?"

मी मागे लागणं सोडलं नाही. मग त्यांनी दुसरं कारण काढलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता आणि ऑपरेशनला ते भीत होते. "ह्या डोळ्यांनी धुतला तर धुरकट दिसेल. तिला धुरकट बघायचं नाही मला." मी म्हटलं, मग डोळे करून घ्या. यावर एक वर्ष गेलं. शेवटी त्या रोलसाठी म्हणून ते तयार झाले. मुलीला फोन करून म्हणाले, "येतो. डोळे करून घेतो. आईचा रोल धुवायचा आहे." त्यांना मी इतकं खूश त्या दोन-तीन वर्षांत पाहिलं नव्हतं. "ठेवलाय कुठे तो रोल?" मी एकदा विचारलं होतं. "आहे जागेवर," म्हणाले आणि त्यांची नजर स्वयंपाकघरातल्या देवघराकडे गेली. तो देवघरात असणार हे मी धरून चालले.

ते बेंगळूरुला गेले आणि त्याच पंधरवड्यात आमचं हूटगळ्ळीचं घर तयार झालं. नवऱ्याच्या कारखान्याजवळ, नव्या वस्तीत. सामान टेम्पोत चढलं. आठ वर्षांचं घर रिकामं झालं आणि मला ते सोडवेना. त्यांच्या घराची किल्ली माझ्याकडेच होती, तुळशीला पाणी घालायला. मी बेंगळूरुला फोन लावला.

"काका, रिकाम्या घराला कुठला रोल?"

त्यांच्या डोळ्यावर पट्टी होती, आवाज पेंगुळलेला. खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. "हळू घे की," ते म्हणाले. "अंड्यांच्या कप्प्यात आहे."

मी ऐकलं, हळे.

कप्प्यात चारशेचे दोन डबे होते, चार सुकलेली लिंबं होती आणि एक काळी प्लास्टिकची डबी. डबीवर चिकटपट्टी, पट्टीवर कानडीत दोन अक्षरं. हळे. मी ती वाचली, अडखळता वाचली, आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. ह्याच शब्दापायी पूर्वी माझं हसं झालं होतं. जुन्या घराला जुनी फिल्म, काकांच्या डोक्यात असंच काहीतरी असणार, तेही मला बरोब्बर कळलं. जीभ बाहेर होती. रोल कॅमेऱ्यात बसला.

स्वयंपाकघर, गॅलरी, कॅलेंडरच्या खिळ्याखालची पांढरी खूण, मोरी. जुन्या फिल्मला उजेड स्वल्प जास्त द्यावा असं त्यांनीच शिकवलं होतं, म्हणून मी प्रत्येक फोटोला उजेड जास्त दिला. एकतीस फोटोंत घर संपलं. पाच उरले. टेम्पोवाला वर येऊन उभा राहिला होता. अर्धवट रोल काय ठेवायचा म्हणून मी ते पाच जिन्यावर, फाटकावर आणि समोरच्या पार्क केलेल्या स्कूटरवर संपवून टाकले.

तीन आठवड्यांनी काका परत आले. मी रविवारी सकाळी हूटगळ्ळीहून बसने रोल घेऊन गेले. ते नव्या डोळ्यांनी घरभर फिरत होते आणि तक्रारी करत होते. "नळाला एवढा गंज आहे हे मला कुणी सांगितलं नाही. आणि तू एवढी पिकलीस कधी?" मला खूप हसू आलं. म्हणाले, "आधी तुझा रोल धुतो. हात बसू दे. तिचा उद्या."

मी न्हाणीघराबाहेर पायरीवर बसले. आतून पाढे ऐकू येत होते, स्वच्छ आवाजात. मग पाण्याचा आवाज. मग दार उघडलं आणि ओली फिल्म दिव्यासमोर धरून ते म्हणाले, "अगं, स्वयंपाकघरात कुणाला बसवलंस?"

मी आत गेले. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं दिसतं, उजेड काळा आणि अंधार उजळ. माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्याखाली, जिथे अंधार होता तिथे, एक कोपर होता. बांगड्या होत्या. त्याच्या वर चेहरा असायला हवा होता, तिथे माझी खिडकी होती. काळीकुट्ट, कारण उजेड मी जास्त दिला होता.

ही फिल्म आधी एकदा वापरलेली होती, हे माझ्या आधी त्यांना कळलं. त्यांनी पट्टी हळूहळू वर सरकवत नेली, एकेका चौकटीवर थांबत. मग ती दोरीला लावली, ओल्या हातांनी स्वयंपाकघरात गेले आणि फ्रिज उघडला. कप्पा चाचपला. लिंबं बाजूला केली. लिंबांच्या मागे पन्नासचा कोरा रोल होता.

"तुम्ही हळे म्हणालात," मी म्हटलं.

"हळू म्हटलं मी," ते म्हणाले. "तुझ्यासाठीच म्हणायचो की मी ते."

बायकोचं नाव ज्याने उभ्या जन्मात ओठावर आणलं नाही, तो डबीवर तरी ते कसं घालणार? त्यांनी 'हळे' लिहिलं होतं. जुनं माणूस. आणि मी ते वाचायला शिकले होते.

ते परत न्हाणीघरात गेले. मी मागे गेले. पट्टीच्या खालच्या टोकाकडे बोट करून त्यांनी विचारलं, "हे शेवटचे पाच कशाचे?"

खोटं बोलायला हवं होतं. मला सुचलं नाही. "सुम्ने," मी म्हटलं. "उरले होते म्हणून."

त्या पाचांत काकू तशाच राहिल्या असत्या. त्यांना हात लावायचं मला काही कारण नव्हतं. एकतीसांचं दुःख मी कधी ना कधी गैरसमजाच्या खात्यात घालीन, पण ते पाच माझ्या मनातून अजून जात नाहीत. फाटकाच्या गजांमधून गजऱ्याचा एक तुकडा दिसतो आणि स्कूटरच्या सीटखाली पदराची किनार. छत्तीसांत एका ठिकाणीही काकूंचा चेहरा सलग नाही.

मी रडायला लागले. काका तोवर स्वयंपाकघरात गेले होते, पाठ माझ्याकडे, गॅसवर दूध ठेवलेलं. त्यांनी वळून विचारलं, "तुम्ही कॉफी घेणार?"

मला वाटलं माझ्या मागे कुणीतरी आलंय.

"साखर किती घेता तुम्ही?" आठ वर्षं माझ्या कॉफीत स्वतःच्या हाताने साखर घालणाऱ्या माणसाने विचारलं.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी त्यांच्या पाया पडले, तेव्हा त्यांनी मला उठवलं आणि म्हणाले, चूक कुणाचीही होते. खरंच तसं म्हणाले. भांडण नाही, अबोला नाही. मी दर रविवारी जात राहिले. मी गेले की ते चांगली खुर्ची पुढे करायचे, पंखा लावायचे, नवऱ्याची चौकशी करायचे. 'तुम्ही बसा', 'तुम्ही घ्या', 'तुम्हाला उशीर होईल, बस निघेल'. एकदा मी मुद्दाम कॅमेरा घेऊन गेले. आई पुन्हा यायची होती. म्हटलं, काका, आता आई थकलीय, फार बोलते हल्ली, तिला कुठला रोल घालू? मला वाटलं, ह्या प्रश्नाला तरी ते हलतील, चौकशी करतील, माझ्यावर डाफरतील.

"तुम्हाला बरा वाटेल तो घ्या," ते म्हणाले. "आता सगळेच चांगले येतात."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "काका, मला तू म्हणा की."

ते हसले. अगदी मनापासून, पाहुण्यांशी हसतात तसे. "असं कसं? स्वतःचं घर झालं तुमचं. घरमालकांना तू म्हणतात काय?"

पुढच्या उन्हाळ्यात ते झोपेतच गेले. त्यांची मुलगी बेंगळूरुहून आली. माझ्याच वयाची आहे. मराठी तिला बेताचीच येते. तेराव्याच्या जेवणानंतर आम्ही दोघी स्वयंपाकघरात भांडी पुसून ठेवत होतो. तिला सांगायचं, असं मी हूटगळ्ळीहून निघतानाच ठरवलं होतं. बसमध्ये वाक्यंही जुळवली होती.

ती आपणहूनच बोलली. "आईचे तेवढेच फोटो होते. अप्पांनी मला फोन केला होता त्या दिवशी, खूप रडले. रोल माझ्या हातून हाळु झाला म्हणाले."

हाळु म्हणजे खराब, नासलेला. मी पातेलं पुसत राहिले.

"ऑपरेशन करून आले आणि लगेच धुवायला बसले. औषध चुकलं म्हणाले, डोळे नवीन आहेत, नीट दिसलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, एक महिना सुम्ने बसा. पण अप्पा कुणाचं ऐकतात?" तिने डोळे पुसले. "मी अजून रागात आहे त्यांच्यावर. गेलेल्या माणसावर रागवू नये, पण काय करू? त्यांचीच चूक ना ती, अल्वा? खरं ना?"

मी हो म्हटलं.